चमकी, उंच टाचा आणि तीन-चार वर्षं : आयरिश ग्लॅम बँडांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात १९७०च्या दशकातल्या आयर्लंडमधल्या छोट्या ग्लॅम रॉक बँडांवर एक टिपण आलं होतं. चमकते कपडे, उंच टाचांचे बूट, एखाद-दुसरी सात इंची रेकॉर्ड, तीन-चार वर्षांचा संसार आणि मग फाटाफूट, एवढाच त्यातला मजकूर. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. बहुतेक पत्रं वाजवणाऱ्यांची, ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांची आणि रेकॉर्डी जपणाऱ्यांची आहेत. म्हणून उत्तरंही हाताशी धरून काम करता येईल अशीच दिली आहेत.

प्रश्न : ग्लॅम रॉक म्हणजे नेमकं काय? आणि हा प्रकार इंग्लंडचा असताना आयर्लंडमध्ये कसा पोचला? (वाचक, जळगाव)

सुरुवात इंग्लंडची, हे बरोबर. मार्च १९७१ मध्ये ‘टी. रेक्स’ या बँडाचा गायक मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर आला. तिथून ही लाट उठली असं सहसा मानतात. पाठोपाठ स्लेड आणि स्वीट हे बँड आणि गायक डेव्हिड बोवी आले. संगीत तसं साधं आहे. जुन्या रॉक अँड रोलचा ठेका, जाड आवाजाची गिटार, टाळ्या, आणि सगळ्यांना एकत्र ओरडता येईल असं धृपद. पोशाख मात्र राजेशाही.

आयर्लंडमध्ये हे पोचलं हवेतून. पूर्व किनाऱ्यावर आणि ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळ उंच अँटेना लावली की बीबीसी दिसायचं. रात्री मीडियम वेव्हवर रेडिओ लक्झेंबर्ग लागायचं, आपल्याकडे घरोघरी रेडिओ सिलोन लागायचं तसंच. देशाच्या स्वतःच्या सरकारी रेडिओनं पॉप संगीताचं वेगळं केंद्र ३१ मे १९७९ रोजी सुरू केलं. तोवर ग्लॅमचा बहर ओसरून गेला होता. आयरिश ग्लॅम बँडाच्या वाट्याला आलेली पहिली अडचण हीच. त्याचं गाणं लावणारं केंद्रच घरात नव्हतं.

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा आहे. लगीनसराई आणि यात्रा यांवर वर्ष काढावं लागतं. त्या बँडांचं पोट कशावर चालायचं? (ऑर्केस्ट्राचालक, धुळे)

तुम्हाला हा हिशोब कुणापेक्षाही लवकर कळेल, कारण तो तुमच्याच हिशोबासारखा आहे.

आधी बाजारपेठ बघा. १९७१च्या जनगणनेत आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे २९ लाख ७८ हजार होती. २०११च्या जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्याची ४२ लाखांवर आहे. म्हणजे अख्खा देश आपल्या एका जिल्ह्याहून लहान. त्यातही नाचायला येणाऱ्या तरुणांची संख्या आणखी कमी. एवढ्याशा बाजारात सगळ्या मोठ्या सभागृहांचा फेरा लवकरच पूर्ण व्हायचा. तीच माणसं, तीच गाणी, दुसऱ्या फेरीला गर्दी निम्मी.

ही सभागृहं, म्हणजे बॉलरूम, ग्लॅमच्या आधी शोबँडांनी भरवली होती. शोबँड म्हणजे सात-आठ जण, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, एकसारखे सूट, आणि परदेशात गाजलेली गाणी हुबेहूब वाजवण्याचं कसब. आपला ऑर्केस्ट्राच. अनेक बॉलरूममध्ये दारू मिळायची नाही, शीतपेयं मिळायची. कमाई सगळी तिकिटावर. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी भावासोबत अशा बॉलरूमची साखळीच चालवली होती, इतका तो धंदा मोठा होता. बँडाला ठरलेली बिदागी किंवा दारावरच्या गल्ल्यातला हिस्सा मिळे. मुख्य शोबँड उशिरा मंचावर यायचा. आधीचे दोनेक तास एक छोटा बँड वाजवायचा, त्याला ‘रिलीफ बँड’ म्हणत. नव्या रॉक बँडांना पहिलं काम मिळायचं ते बऱ्याचदा या रिकाम्या वेळेत.

हंगामाचंही तेच. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात बॉलरूम बंद असायच्या, आपल्याकडे चातुर्मासात लग्नं थांबतात तशा. त्या दिवसांत शोबँड बोटीनं इंग्लंडला जाऊन तिथल्या स्थलांतरित आयरिश मंडळींच्या हॉलमध्ये वाजवत. सत्तरीत ही शिस्त सैल झाली. पण तोवर हॉटेलांना दारूचे परवाने आणि डिस्कोची यंत्रं मिळाली होती. दोन टर्नटेबलं आणि एक माणूस आठ वादकांपेक्षा स्वस्त पडतो. डीजे आल्यावर बँजो पार्टीचं आणि ब्रास बँडचं काय झालं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता खर्च. पाच जणांच्या बँडाचं सामान मोजा. चार स्पीकरांचं एक कॅबिनेट ३५ ते ४० किलो, अशी दोन. दोन ॲम्प्लिफायर, प्रत्येकी २० किलोच्या आसपास. बेसचं खोकं ५० किलो, ड्रम पेट्यांसकट ५० किलो, गायनाचे स्पीकर १०० किलो. बेरीज तीनशे किलोच्या वर जाते. त्यात पाच माणसांचे साडेतीनशे मिळवा. आपला छोटा हत्ती एवढं वजन जेमतेम पेलतो, पण त्यात माणसं बसत नाहीत. तिकडे हे काम १९६५ मध्ये आलेल्या फोर्ड ट्रान्झिटनं केलं. माणसं आणि सामान एकाच गाडीत, एकच डिझेल, एकच ड्रायव्हर, आणि तोही बहुधा बँडातलाच.

डब्लिन ते कॉर्क अंतर सुमारे २५५ किलोमीटर, म्हणजे जळगावहून नाशिकपेक्षा थोडं जास्त. रात्री दोनला कार्यक्रम संपवून तेवढं अंतर अरुंद रस्त्यानं परत यायचं, आणि सकाळी बहुतेकांना नोकरीवर जायचं. हॉटेलात मुक्काम केला की बिदागी तिथेच संपली. छोट्या बँडाची पहिली भांडणं गाण्यांवरून होत नसत. ती गाडी कोण चालवणार आणि डिझेल कोण भरणार यावरून होत.

उत्तर आयर्लंड हा आयरिश बँडाचा मोठा आधार होता. पण ३१ जुलै १९७५ रोजी बॅनब्रिजमधला कार्यक्रम संपवून डब्लिनला परतणाऱ्या मायामी शोबँडची गाडी न्यूरीजवळ खोट्या लष्करी नाक्यावर अडवली गेली. तिघा वादकांना ठार मारण्यात आलं. त्यानंतर दक्षिणेतल्या बँडांनी सीमेपलीकडच्या तारखा घेणं फार कमी केलं. आधीच लहान असलेली बाजारपेठ एका रात्रीत आणखी आकसली.

प्रश्न : मग हे बँड तीन-चार वर्षांत मोडायचे ते पैशामुळेच ना? (विद्यार्थी, चोपडा)

पैसा हे एक कारण. दुसरं कारण लंडन. रेकॉर्ड कंपन्या, संगीत साप्ताहिकं, दूरदर्शनचे कार्यक्रम, सगळं तिथे. थिन लिझी हा डब्लिनचा बँड १९७१ मध्येच लंडनला गेला. १९७२च्या शेवटी त्यांनी स्लेडच्या दौऱ्यात आधी वाजवण्याचं काम केलं, आणि फेब्रुवारी-मार्च १९७३ मध्ये त्यांचं ‘व्हिस्की इन द जार’ हे गाणं ब्रिटनच्या रेकॉर्डविक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकावर पोचलं. ज्या बँडात सगळ्यांची जायची तयारी असते तो टिकतो. एकाची नोकरी पक्की असेल, दुसऱ्याचं लग्न ठरलं असेल, तर बोटीच्या धक्क्यावरच बँड फुटतो.

मोडला म्हणजे वाया गेला, असं मात्र समजू नका. डब्लिनमध्ये १९७५च्या सुमाराला ‘ग्रेटा गार्बेज अँड द ट्रॅश कॅन्स’ नावाचा एक अगदी छोटा बँड होता. नावातच ग्लॅमचा नखरा आहे. त्यातूनच ‘द रेडिएटर्स फ्रॉम स्पेस’ उभा राहिला. १९७७ मध्ये ‘टेलिव्हिजन स्क्रीन’ ही त्यांची रेकॉर्ड आयर्लंडच्या पहिल्या वीसांत गेली. तेव्हा लोक त्यांना पंक, म्हणजे ग्लॅमनंतर आलेल्या धसमुसळ्या रॉकचा बँड, म्हणू लागले होते. बँड लंडनला निघाला तेव्हा गायक स्टीव्ह रॅपिड, खरं नाव स्टीव्ह ॲव्हरिल, मागे राहिला. त्याचं जाहिरातीचं काम डब्लिनमध्ये होतं. पुढे त्यानंच एका नवख्या बँडाला ‘यू टू’ हे नाव सुचवलं आणि त्यांच्या रेकॉर्डींची वेष्टणं केली. रेडिएटर्सची १९७९ची दुसरी रेकॉर्ड टोनी व्हिस्कॉन्टी यांनी ध्वनिमुद्रित केली, आणि बोलनच्या ग्लॅम काळातल्या व बोवीच्या अनेक रेकॉर्डींमागेही हेच व्हिस्कॉन्टी होते. गिटारवादक फिलिप शेव्हरॉन नंतर ‘द पोग्स’मध्ये गेला. एका मोडलेल्या बँडाच्या फांद्या किती लांब गेल्या ते यातून दिसतं. संगीताचा इतिहास फक्त यादीत आलेल्या नावांवरून लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

प्रश्न : आयरिश लोकांनी स्वतःची लोकगीतं रॉकमध्ये आणली असं ऐकलं. आखाजीच्या आणि कानबाईच्या गाण्यांचं तसं करता येईल का? (शिक्षिका, अमळनेर)

येईल, आणि करावंच. याचा सर्वांत चांगला नमुना ‘हॉर्स्लिप्स’. डब्लिनमधल्या एका जाहिरात कंपनीत काम करणारे काही जण १९७० मध्ये एकत्र आले. त्यांनी लंडन गाठलं नाही. ‘ओट्स’ हे स्वतःचं लेबल काढून १९७२ मध्ये पहिली रेकॉर्ड काढली आणि कारभार आयर्लंडमधूनच चालवला. कपडे पूर्ण ग्लॅम, गिटारीच्या शेजारी बासरी आणि फिडल. १९७३ची त्यांची रेकॉर्ड गुरं पळवण्याच्या एका प्राचीन आयरिश कथेवर आहे. तिच्यातल्या ‘डिअरग डूम’ची गिटारीवरची मुख्य ओळ ‘ओनील्स मार्च’ या पारंपरिक चालीतून घेतलेली आहे. १९९० मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या वेळच्या आयर्लंडच्या गाण्यात हीच ओळ पुन्हा वापरली गेली. जुनी चाल, विजेची गिटार, आणि गल्लीतलं पोरगंही गुणगुणेल अशी चार मापांची ओळ.

तुमच्याकडे झोक्यावरची गाणी आहेत, गौराईची आहेत. काम असं करा.

आधी चाल गाणाऱ्या बाईकडून घ्या. कॅसेटवरून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या अल्बमवरून घेऊ नका. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, तिची पट्टी पेटीवर पाहून लिहून ठेवा. गावं वेगळी तशी चाल थोडी वेगळी असते, म्हणून दोन-तीन गावच्या गायिका ऐका. मग हरकती बाजूला ठेवून नुसता सांगाडा सारेगममध्ये लिहा. बहुतेक वेळा पाच-सहा स्वरांत सगळं बसतं.

गिटारीवर सा सर्वांत जाड तारेवर, म्हणजे पांढरी तीनवर धरा. ती तार मोकळी वाजत राहिली की तंबोऱ्याचं काम करते. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर चौथ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, बोटांची ठेवण तीच राहते.

आवाज जाड करायचा असेल तर पूर्ण कॉर्ड वाजवू नका. सा आणि प एवढेच एकत्र वाजवा. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, दोन स्वरांच्या मिश्रणातून आणखी स्वर तयार होतात. सा-प यांचं नातं सोपं असल्यानं ते जुळून येतात. गंधार मिसळला की गढूळ होतं, आणि चालीतला गंधार कोमल असताना कॉर्डमधला शुद्ध लागला तर थेट बेसूर ऐकू येतं. नवखे इथेच फसतात.

पूर्ण चाल गिटारीवर वाजवण्याचा मोह टाळा. पहिली ओळ तेवढी घ्या, दोन किंवा चार मापांची, आणि ती फिरवत राहा. बाकीची चाल गळ्याला द्या. लय हळूहळू वाढवा. मिनिटाला १२० ते १३०च्या पुढे अहिराणी शब्द तुटायला लागतात, तिथे थांबा. एक अडचण नक्की येते. बायका ओळीच्या शेवटी मनाजोगता श्वास घेतात, तो ताल मोजून नसतो. ड्रमवाला पुढे निघून जातो. अशा जागी दोन मात्रांचं जास्तीचं माप मुद्दाम टाका, श्वास कापू नका. त्या श्वासातच झोक्याचा हेलकावा आहे.

हक्कांचं थोडक्यात. पारंपरिक चालीवर कुणाची मालकी नाही, पण तुम्ही केलेल्या मांडणीवर तुमचा हक्क राहतो. आयरिश रेकॉर्डींवर म्हणूनच ‘पारंपरिक, मांडणी अमुक यांची’ असं छापतात. तुम्हीही तसंच छापा आणि गायिकेचं व तिच्या गावाचं नाव घाला. दुसऱ्याच्या अल्बममधली तयार मांडणी उचलणं मात्र कायद्यात बसत नाही.

प्रश्न : माझ्याकडे एक साधी गिटार आणि १५ वॉटचा ॲम्प्लिफायर आहे. ग्लॅमचा तो जाड आवाज निघेल का? (गिटारवादक, भुसावळ)

निघेल. उलट ध्वनिमुद्रणात १५ वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण उघडला तर १०० वॉटचा दाबून वाजवण्यापेक्षा चांगला बोलतो. माइक स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, मध्यबिंदूपासून थोडा बाजूला ठेवा. डिस्टॉर्शन तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मंच ठेवा आणि तीच ओळ दुसऱ्यांदा वाजवून पहिल्यावर चढवा. जाडपणा या दोन थरांमधून येतो. नॉब शेवटपर्यंत फिरवून फक्त खरखर वाढते.

ठेका बहुतेक वेळा शफल. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला सोडा. ढोलकीवाल्याला खेमट्याचा झोल सांगितला की लगेच समजेल. ड्रमचा स्नेअर उतरवून त्यावर रुमाल टाका, घुमारा कमी होतो. टाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. चौघांनी माइकपासून दीड-दोन मीटरवर अर्धवर्तुळात उभं राहायचं, तळहात वेगवेगळ्या पद्धतीनं जुळवायचे. कुणी खोलगट, कुणी सपाट. हे तीन-चार वेळा ध्वनिमुद्रित करून एकावर एक ठेवा, दर वेळी जागा बदला. जागा तीच राहिली तर सोळा टाळ्या एकाच माणसाच्या वाटतात.

गायनावर जो चटकन परतणारा प्रतिध्वनी ऐकू येतो, तो टेपवरून यायचा. टेप सेकंदाला १५ इंच धावते आणि मुद्रणाचं व वाचनाचं हेड दोन इंचांवर असेल, तर आवाज ०.१३ सेकंदानं मागे पडतो. मोबाइलच्या ॲपमध्ये १३० मिलिसेकंद, एकच पुनरावृत्ती, एवढं भरलं की तोच परिणाम मिळतो.

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर एक पथ्य पाळा. स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. गावाकडे रात्री उशिरा व्होल्टेज २५०च्या वर चढतं, तेव्हा व्हॉल्व्ह लवकर मरतात. स्टॅबिलायझर लावा.

प्रश्न : मंडपात जनरेटरवर वाजवताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. हे चालवून घ्यायचं का? (गायक, शहादा)

अजिबात नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वानसी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडाचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच मरण पावला. ग्लॅमचा तोच काळ, आणि मंचावरचा विजेचा दाबही जवळपास आपल्यासारखाच. गिटारीच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की तो फरक तुमच्या हातातून ओठाकडे, म्हणजे छातीतून जातो. अंगावर घाम असेल तर आणखी सहज.

मंडपाचा कंत्राटदार बऱ्याचदा मिक्सर एका फेजवर आणि मंच दुसऱ्या फेजवर टाकतो. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो. म्हणून पहिली अट ही, की मंचावरचं सगळं आणि मिक्सर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चाललं पाहिजे. दिवे वेगळ्या फेजवर गेले तर चालतील.

बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. पण एक गोष्ट इलेक्ट्रिशियनकडून खात्रीनं तपासून घ्या. जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसेल तर आरसीसीबी गरजेच्या वेळी सुटतच नाही. बटण दाबून चाचणी पास होते, आणि माणूस मात्र वाचत नाही.

अर्थिंगची सळई अडीच-तीन मीटरची हवी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, सळईभोवती पोकळी होते आणि अर्थिंग कागदावरच राहतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खड्ड्यात भरपूर पाणी मुरवा, आणि शक्य असेल तर सळईभोवती बेंटोनाइट माती भरा. एप्रिल-मेच्या लग्नात हे विसरू नका, तेव्हाच जमीन सर्वांत कोरडी असते.

वाजवायच्या आधी मल्टिमीटर एसीवर लावून एक टोक गिटारीच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याजवळ हवा. स्वस्त डिजिटल मीटर कधीकधी ४०-५० व्होल्ट खोटेच दाखवतं. पण ते खोटं आहे की खरं, हे इलेक्ट्रिशियननं ठरवायचं. तोवर माइकला हात लावायचा नाही. माइकवर स्पंजची टोपी घालणं हा दोन मिनिटांचा आणि फार कामाचा उपाय आहे. गुणगुण आवाज घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. तसं करू देऊ नका. गुणगुण घालवायला ग्राउंड लिफ्ट असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणारी डबी, मिळतो.

प्रश्न : महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ग्लॅम बँडाचा वेश करायचा आहे. चमकी आणि उंच बूट कसे करावेत? (विद्यार्थिनी, नंदुरबार)

चमकी कॉस्मेटिकची घ्या, कण ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. रांगोळीची किंवा शुभेच्छापत्रावरची चमकी जाड आणि धारदार असते, डोळ्यात गेली तर बुबुळ ओरखडतं. कोरफडीच्या जेलचा पातळ थर द्या, अर्धं मिनिट थांबा, ओल्या ब्रशानं चमकी दाबून लावा. फेव्हिकॉल किंवा दुसरा कुठलाही कारखान्यातला डिंक चेहऱ्यावर नको. डोळ्याच्या कडेपासून बोटभर अंतर ठेवा, घाम खाली ओघळतो. काढताना आधी चिकटपट्टीनं टिपा, मग खोबरेल तेल, मग साबण. उलट क्रमानं केलं तर चमकी चेहराभर पसरते.

बुटांसाठी जुना, घोट्यापर्यंत बांधता येणारा बूट घ्या. १० मिलिमीटरच्या ईव्हीए शीटचे, म्हणजे चपलेच्या तळाला असतो तशा फोमचे, थर लावा, चवड्याखाली पाच आणि टाचेखाली दहा. म्हणजे पुढे दोन इंच आणि मागे चार इंच, पावलाला उतार दोन इंचांचाच पडतो. फक्त टाच उंच केली तर पाऊल पुढे घसरतं. दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरनं घासा, चिकटवण्याचं सोल्युशन दोन्हींकडे लावा, १० ते १५ मिनिटं हाताला जेमतेम चिकटेल इतकं सुकू द्या, मग जोडून हातोडीनं ठोका आणि एक दिवस तसंच ठेवा. ओलं असतानाच जोडलं की थर नाचताना सुटतात. शेवटचा थर खाचांच्या रबराचा हवा. ईव्हीए गुळगुळीत लादीवर घसरतं. बूट घालून निदान तीन दिवस रोज अर्धा तास चाला. गिटारीच्या पायाखालची पेडल या बुटांत जाणवत नाहीत, म्हणून कार्यक्रमात पेडल कमीत कमी वापरा.

पॉलिस्टरचा चमकता कपडा आतून सुती अस्तर लावूनच शिवा.

प्रश्न : जुन्या सामानात एक सात इंची रेकॉर्ड मिळाली. लेबलवर ‘मेड इन आयर्लंड’ आहे, बँडाचं नाव कुठेच सापडत नाही. ओळख कशी पटवायची, आणि साफ कशी करायची? (संग्राहक, चाळीसगाव)

बँडाच्या नावाआधी गाण्याच्या नावाखाली छापलेली गीतकारांची नावं बघा. ग्लॅम मंडळी मंचावर टोपणनावं घेत, पण रॉयल्टी खऱ्या नावावर लागे, म्हणून तिथे बहुधा खरी नावं असतात. त्यावरून तीच माणसं पुढे कुठल्या बँडात गेली ते शोधता येतं. वर्तुळातलं ‘पी’ चिन्ह आणि वर्ष असेल तर ते प्रकाशनाचं वर्ष. १९६१च्या रोम करारात हे चिन्ह ठरलं. शेवटच्या खोबणीनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक भिंगातून वाचा आणि दोन्ही बाजूंचा लिहून ठेवा. लेबल बदलतं, कोरलेला क्रमांक बदलत नाही. निर्मात्याचं नाव असेल तर तेही टिपा.

साफ करण्याआधी ती कशाची आहे याची खात्री करा. ४५ फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड व्हिनिलची किंवा तशाच प्लॅस्टिकची असते. तुमच्या त्याच पेटीत ७८ फेऱ्यांच्या भारतीय रेकॉर्डी असतील तर त्या लाखेच्या आहेत, आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. एकाच द्रावणानं सगळ्या पुसल्या तर ७८च्या रेकॉर्डी कायमच्या जातील.

व्हिनिलसाठी एक लिटर डिस्टिल्ड पाणी, २०० मिलिलिटरपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. लाखेसाठी तेच द्रावण, अल्कोहोल वगळून. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार खोबणीत बसतो आणि कायमचा कडकड आवाज देतो. मखमली फडकं खोबणीच्या दिशेनं गोल फिरवा, आडवं नाही. लेबल कोरडं ठेवा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन रेकॉर्ड उभी वाळवा.

वाजवताना सुईचं वजन १.५ ते २ ग्रॅम. ७८साठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते. आयर्लंडमध्येही वीज ५० हर्ट्झचीच, त्यामुळे तिकडचा जुना प्लेअर इथे बरोबर वेगानं फिरतो. अमेरिकेतला ६० हर्ट्झचा मिळाला तर ४५च्या जागी साडेसदतीस फेऱ्या होतील आणि गाणं साधारण तीन अर्धस्वर खाली उतरेल.

संगणकावर घेताना फोनो प्रीॲम्प्लिफायर मध्ये हवाच, नाहीतर आवाज पातळ येतो. २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत. मूळ फाइल कडकडीसकट ठेवा, सफाई प्रतीवर करा. ही फाइल इंटरनेटवर टाकू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९७३च्या रेकॉर्डीचा २०३३च्या अखेरपर्यंत. लेबलची छायाचित्रं, कोरलेले क्रमांक आणि नावं मात्र अभ्यासकांना जरूर कळवा. अशा बँडांचा माग बऱ्याचदा एवढ्यावरूनच लागतो.

आणि ती पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. मे महिन्यात तिथे एका दुपारीत व्हिनिल वाकतं. भिंतीपासून सुटी, उभी, आतल्या खोलीत, प्लॅस्टिकच्या ऐवजी कागदी वेष्टणात ठेवा.